दादांच्या हाताखालून

कंपनी सुरू झाली ती एका हातोडीवरून. दादा जुन्या गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ करायचे. बाजारातली हातोडी त्यांच्या मनास येत नसे, म्हणून ते तिचं तोंड कानशीने घासून गुळगुळीत करून घ्यायचे. शेजारचे गॅरेजवाले ती मागून न्यायचे आणि परत द्यायला सोयीस्कर विसरायचे. दादांचा धाकटा भाऊ तेव्हा जुन्या टायरांची दलाली करत होता. तो म्हणाला, "लोक चोरतात ती वस्तू विकत का घेणार नाहीत?" झालं. हातोडीमागून गंज काढायचं औषध आलं, पत्र्यावरचे खड्डे बुजवायची लांबी आली, दारांची रबरं आली, पॉलिश आलं. शेडचं तीनमजली गोदाम झालं आणि धाकट्याचं पोटही काही मागे राहिलं नाही.

दादा मात्र तळमजल्यावरच्या आपल्या टेबलाशीच राहिले. हातोड्यांची नवी खेप आली की तिच्यातल्या एका हातोडीने कारागिराने गाडीचं पोचे पडलेलं दार ठोकून सरळ करायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा डोळे मिटून, तळहाताखाली सुती फडकं धरून त्यावरून हात फिरवणार. उंचवटा लागला की खडूचा गोल. तीन गोल झाले की खेप परत. प्रत्येक खोक्यावर छापलेलंच असे : दादांच्या हाताखालून गेलेला माल.

आणि तो हात मेलेला होता. चाळीस वर्षं ठोकून ठोकून बोटं इतकी बधिर झाली होती की चहाच्या तापल्या पातेल्यावर टेकली तरी त्यांना पत्ता नसे. हे ठाऊक होतं फक्त त्यांच्या मुलीला. दोन वर्षांपूर्वी दादांनीच तिला हे झाकून न्यायची गळ घातली होती. तेव्हापासून ती सगळ्यांच्या आधी कामावर यायची, दार स्वतःच्या हाताने चाचपून ठेवायची, आणि पुढे दादांचा हात नेमक्या जागी पोचला की शेजारी उभी राहून खोकायची. दादा गोल काढायचे. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याच्या हातात जादू आहे. तिला म्हणायचे, एकदा डॉक्टरला दाखव.

राबायचं एकीने आणि मिरवायचं दुसऱ्याने, हे बापलेकीतसुद्धा फार दिवस गोड लागत नाही. तिला दादांचा राग यायला लागला होता. आधी थोडा, मग रोज.

त्या वर्षी धाकट्याने, म्हणजे तिच्या काकाने, बाहेरून स्वस्तात हातोड्या बनवून आणल्या आणि दादांनी, म्हणजे खरं तर तिनेच, त्यातल्या चार खेपा परत पाठवल्या. काकाने तिला केबिनमध्ये बसवून घेतलं.

"म्हातारा बाजूला झाला तर तपासणी तुझ्याकडे. वेगळी खोली, दारावर तुझी पाटी. मात्र जरा समजून घ्यायचं."

तिने बोटांचं सांगून टाकलं. खोकल्याचं मात्र गिळलं. आपण फार हुशारी केली असं तिला वाटलं.

वर्षाच्या मेळाव्याला गावोगावचे तीसेक दुकानदार जमले. काकाने त्यांच्यासमोर एक दार मांडलं. ते कारखान्यातून आलेलं कोरं दार होतं, त्याला कुणी टिचकीही मारलेली नव्हती, आणि हे काकाइतकंच तिलाही ठाऊक होतं. "दादा, दाखवा बघू यातले पोचे," काका लाडीगोडीने म्हणाला.

दादांनी डोळे मिटले आणि फडकं घेतलं. हात वरच्या कडेला आला तशी ती खोकली. हात थांबला, मग खडूचा गोल उमटला. मधोमध आल्यावर ती पुन्हा खोकली. तळाशी तिसऱ्यांदा. तिला वाईट वाटलं नाही असं नाही. पण पाटीवर नाव कसं दिसेल हेही ती बघत होती.

काकाने डोळ्यांना रुमाल लावून दार कोरं असल्याचं जाहीर केलं. मागून एक जण फिसकन हसला आणि मग सगळेच हसले. "आजवर हाच हात होय आमच्या खोक्यावर?" एका दुकानदाराने विचारलं.

दादांनी फडक्याची घडी घातली. "हाताला दोन वर्षं काही कळत नाही," ते शांतपणे म्हणाले. "ही खोकायची, मी गोल काढायचो. आत्ताही खोकलीच की. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत."

ऐकलं होतं सगळ्यांनीच. हसणं थांबलं. तीस माना तिच्याकडे वळल्या. काका मुरलेला धंदेवाला; बुडत्या नावेतून आधी कुणाला ढकलायचं हे त्याला शिकवावं लागत नव्हतं.

"म्हणजे दोन वर्षं ही पोरगी आम्हा सगळ्यांना फसवत होती," तो म्हणाला. "उद्यापासून हिने कंपनीची पायरी चढायची नाही. दादा राहतील. त्यांच्याशिवाय खोक्याला शोभा नाही."

मीच खरे पोचे शोधत होते, असं ती म्हणाली. एकाने तिला दारावरचे तीन गोल दाखवले.

बाहेर आल्यावर जिन्यापाशी तिने दादांना गाठलं.

"बाबा, दार कोरं आहे हे तुम्हाला कळलं नव्हतं?"

"नव्या पत्र्याला कारखान्याच्या तेलाचा वास येतो. हात गेलाय, नाक नाही गेलं."

"मग गोल का काढलेत?"

"पहिला तू सांगितलास म्हणून काढला," दादा म्हणाले. "पुढचे दोन, तू थांबतेस का ते बघायला."