लाल कंस

घरात सगळे त्यांना कंसमामा म्हणत. पुराणातल्या मामाशी त्यांचे काडीचेही साम्य नव्हते. भाचीवर तर त्यांचा जीव होता. नाव पडले ते बोलण्याच्या तऱ्हेमुळे. एक गोष्ट सांगता सांगता ते तिच्या पोटात दुसरी उघडत, दुसरीच्या पोटात तिसरी. आणि ऐकणारा पुरता भरकटला की तिसरी, दुसरी, पहिली अशा उलट क्रमाने एकेक मिटवत आणत. तंत्रशाळेत जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाची ती ऐट होती. "शेवटी उघडलेला कंस आधी मिटवायचा," ते म्हणत.

मेंदूला झटका येऊन गेल्यापासून मात्र त्यांच्या गोष्टी उघड्याच राहू लागल्या. अलीकडे तर उघडणेही कमी झाले होते. "बोलणं एकदा थांबलं, की ते परत यायचं कठीण," असे डॉक्टरांनी बजावले होते. मामी धास्तावली होती.

त्या दुपारी भाची मामांच्या खोलीत संगणकावर प्रोग्राम लिहीत बसली होती. तिच्या पडद्यावर कंसांच्या प्रत्येक जोडीला आपला रंग असे: बाहेरची पिवळी, आतली जांभळी, तिच्या आतली निळी. डोळे किंचित मिटले की अक्षरे विरघळून जात आणि उरत त्या नुसत्या महिरपी, दारात दार, त्याच्या आत आणखी एक दार. अशा वेळी तिला वाटे, आपण त्या रंगीत दारांतून अनवाणी चालत आत निघालो आहोत.

आज मात्र एक महिरप लालभडक पेटली होती. लाल म्हणजे जोडीदार नसलेला कंस. हरवलेला जोडीदार ती सकाळपासून शोधत होती.

"आमच्या शाळेत... एक घंटा," मागून मामांचा आवाज आला. भाचीच्या मनात पिवळी महिरप उमटली. "ती वाजवणारा... शिपाई..." जांभळी. "त्याची सायकल..." निळी.

"चोरीला गेली, हो ना?" टॉवेलची घडी घालता घालता मामीने वाक्य पुरे केले.

मामांनी मान हलवली, आणि डोळे मिटून घेतले.

भाची पडद्याकडे पाहत राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! हरवले काहीच नव्हते. काल तिनेच घाईने मध्ये मिटवणारा एक जादा कंस टाकून ठेवला होता. त्याने आतले दार अवेळी बंद केले, आणि पुढच्या सगळ्या जोड्या चुकत गेल्या. तिने तो पुसला. लाल रंग मावळला.

"मामी, सायकल खरंच चोरीला गेली होती?"

"मला काय ठाऊक! सायकलींचं दुसरं काय होतं?"

"मग आता आपण दोघी तोंडाला कुलूप लावू या."

"त्यांना अडखळताना बघवत नाही गं मला."

"मलाही नाही." भाची मामांकडे वळली. "मामा, सायकलीचं काय झालं?"

खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगला, ओसरला, पुन्हा फुगला. मामांचे ओठ हलले, थांबले. मामीने टॉवेल मुठीत आवळून धरला.

"सायकलीची... घंटा काढली," मामा म्हणाले. निळे दार हलकेच लागले. "शिपायानं. आणि ती घेऊन... व्हरांडाभर पळाला." जांभळे. मग कितीतरी वेळ काहीच नाही. भाची त्या एकाच उरलेल्या पिवळ्या दारापाशी श्वास रोखून उभी होती.

"शाळेची घंटा... फुटली होती ना. म्हणून. ट्रिंग ट्रिंग... शाळा सुटली."

मामी हसता हसता डोळे पुसू लागली. "लग्नाला इतकी वर्षं झाली, ही गोष्ट कधी सांगितली नाहीत!"

"तू... मध्ये बोलतेस," मामा म्हणाले. मग खिडकीकडे पाहत, "त्या शिपायाची... बायको..."

मामीने तोंड उघडले, आणि चटकन टॉवेल तोंडाशी धरला.