बाबांच्या खोलीतलं नेट

नवा राऊटर घरात आला आणि धाकटीचे फोन तुटायला लागले. थोरलीला याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी आणखी काहीतरी होतं आणि ते काय आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं.

जुनी लाइन बाबांच्या खोलीच्या खिडकीतून यायची. बाबा गेल्यावर कंपनीने कळवलं की जुन्या तारा बंद होणार, नवी जोडणी घ्या. नवी तार हॉलच्या बाजूने आली आणि नवा डबा पुस्तकांच्या कपाटावर बसला. नेटवर्कला नाव काय देऊ, असं कंपनीच्या माणसाने विचारलं तेव्हा थोरलीने क्षणभरही विचार केला नाही. जुनंच नाव, जुनाच पासवर्ड. नाव होतं 'वरचा मजला'. राहत होते तळमजल्यावर. फुकट नेट शोधणारे वर शोधत बसतील, अशी बाबांची अक्कल. वरच्या वकीलबाई एकदा तक्रार घेऊन आल्या होत्या की येणारा-जाणारा आपल्याकडे पासवर्ड मागतो. बाबांनी गंभीर चेहऱ्याने त्यांचं ऐकून घेतलं, आजकालच्या लोकांना लाज म्हणून नाही असंही म्हणाले, आणि दार लागल्यावर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ते नाव पुसायचं थोरलीच्या जिवावर आलं.

धाकटी दूर देशी होती. रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. त्याआधी आई केस विंचरायची, चष्मा पुसायची. फोन वाजला की उठून बाबांच्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची.

थोरली त्या खोलीत जात नव्हती. आजारपणात बाबांना उठवणं, बसवणं, कुशीवर वळवणं, सगळं तिनेच केलं होतं. ते गेल्यावर पलंगावरची चादर तिने काढली, ती घेऊन बाहेर आली, त्यानंतर त्या दाराच्या आत तिचं पाऊल पडलं नव्हतं. आणि धाकटी समुद्रापलीकडून रोज आत जात होती, आईच्या हातात बसून.

दाराआडून शब्द कळायचे नाहीत, हसणं तेवढं कळायचं. स्वयंपाकघरात आई थोरलीशी बोलायची ते दूध फाटलं, गॅस संपत आला, निळी गोळी जेवणाआधी की नंतर. थोरलीच्या वाट्याला गोळ्या आल्या होत्या आणि धाकटीच्या वाट्याला बाबा. पोळ्या लाटताना, नळ बारीक करून, ती कान तिकडे लावायची आणि स्वतःचाच राग यायचा म्हणून नळ पुन्हा मोठा करायची.

मग कॉल तुटायला लागले. बोलणं रंगात आलं की चित्र थिजायचं, आवाज बुडायचा. आई फोन हातभर लांब धरून बाहेर यायची. "गेलं बघ," म्हणायची. पण तोंडातलं वाक्य अर्धंच राहिलेलं असायचं, ते गिळणं तिला जमायचं नाही. समोर थोरली असायची, म्हणून उरलेलं तिला मिळायचं.

एकदा आई अशीच बाहेर आली आणि म्हणाली, "आणि मग आले की दोन बल्ब घेऊन. एक सोडून दोन. आणि एकही बसेना त्या होल्डरमध्ये. रात्र अंधारात काढली बघ आम्ही, हसून हसून पोट दुखलं." थोरलीही हसली. कुठले बल्ब, कधीची गोष्ट, काही विचारलं नाही. विचारलं असतं तर आईच्या लक्षात आलं असतं की ही गोष्ट आपण हिला सांगत नव्हतो.

दुरुस्तीची धावपळ मात्र तिने मनापासून केली. डबा बंद करून चालू केला, तार काढून लावली. कंपनीच्या माणसाला बोलावलं. त्याने हॉलमध्ये उभं राहून वेग मोजला, तो उत्तम होता. डबा कपाटावरून पॅसेजमधल्या स्टुलावर आणला आणि सही घेऊन गेला. संध्याकाळी कॉल पुन्हा तुटला. धाकटीचा मेसेज आला, "ताई, नवीन घेतलंस ना? मग जरा चांगलं घ्यायचंस." पाठोपाठ दुसरा, "की मुद्दाम तोडतेस?" पुढे हसरा चेहरा काढला होता. थोरलीने तो चेहरा बराच वेळ पाहिला.

शेवटी मदतकेंद्रातल्या मुलीने एक साधा प्रश्न विचारला, जो कोणाला सुचला नव्हता. घरात सगळीकडे तुटतं की एकाच खोलीत?

आई वरच्या वकीलबाईंकडे गेली होती. थोरलीने दार ढकललं. पलंगावर गादी उघडी होती. औषधाचा वास गेला होता, खुर्चीच्या पाठीला बाबांचा मफलर तसाच होता. तिने पलंगाकडे पाहायचं टाळून फोनकडे पाहिलं. 'वरचा मजला', सगळ्या रेषा भरलेल्या, आणि खाली लिहिलं होतं, इंटरनेट नाही. टेबलामागे, भिंतीशी, एक हिरवा दिवा मिणमिणत होता. जुना राऊटर. त्याची बाहेरची तार कधीच कापली गेली होती, पण वीज चालू होती, आणि तो इमानदारीने आपलं नाव पुकारत बसला होता.

थोरली कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. दोन पुस्तकांना एकच क्रमांक पडला की काय गोंधळ होतो, यावर नव्या लोकांना ती दरवर्षी व्याख्यान द्यायची. इथे तिने स्वतःच्या हाताने तेच केलं होतं. आईचा फोन या खोलीत आला की ओळखीचं नाव जवळून ऐकू येई, तो नव्याला सोडून जुन्याकडे जाई, आणि जुन्याकडे द्यायला काही नव्हतं.

आई आल्यावर तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, बाबांच्या खोलीतला तो डबा कोणी लावून ठेवलाय?

"मीच. त्या माणसाने काढून ठेवला होता. असू दे गं चालू," आई म्हणाली. "खोलीत काहीतरी जागं असलेलं बरं वाटतं."

तो डबा बंद करायचा नव्हता, हे ठरलं. दुसरा उपाय थोरलीला लगेच सुचला होता, चहा उकळायच्या आत झाला असता. तिने तो केला नाही. त्या संध्याकाळी नाही, पुढच्या संध्याकाळीही नाही. कॉल तुटत राहिले आणि ती ओट्याशी उभी राहून आईची वाट पाहत राहिली. बाबा पोहायला घाबरायचे, हे तिला असंच कळलं. कशावरून निघालं ते नाही, नुसतं शेपूट. पण शेपूट तिचं होतं.

मग एका दुपारी, ती ग्रंथालयात जेवणाचा डबा उघडून बसली असताना, धाकटीचा फोन आला. एरवी धाकटी तिला असा थेट फोन करत नसे.

"ताई, बाबा परत आले का?"

थोरलीच्या हातातला घास तसाच राहिला.

"त्या गोष्टीत," धाकटी घाईने म्हणाली. "लग्नानंतरच्या. ते चपला अडकवून निघून गेले आणि आई बॅग भरून दाराशी बसली, तिथे कॉल तुटला. पुढचं सांग म्हटलं तर म्हणते, ताईला सांगितलंय की, तेच तेच काय सांगायचं. मी रोज झोपताना तिला दाराशी बसलेली बघते."

थोरली म्हणाली, आईलाच पुन्हा विचार.

"विचारलं. तिच्या लेखी तुला सांगितलं की झालं. तुझं बरं आहे. तू शेवटपर्यंत होतीस. आताही सगळ्या गोष्टींचा शेवट तुलाच मिळतो. मला काय, मी इथे मिटिंगमधून उठून चेहरा धुऊन कॉलला बसते, आणि तेवढ्यात जातं."

इतके दिवस दाराबाहेर आपण एकट्याच उभ्या आहोत असं थोरली धरून चालली होती. दया यायला हवी होती, पण आधी आला तो खजीलपणा, आणि त्याच्यासोबत थोडं सुखही. मिळवलेलं सोडवत नाही, तसं. संध्याकाळी बोलू, म्हणून तिने फोन ठेवला.

घरी आल्यावर तिने पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नाही. नव्या राऊटरचं नाव बदललं. 'तळमजला' लिहिताना तिला वाटलं, बाबांना हे आवडलं नसतं. एवढं खरं कोणी सांगतं का. मग आईच्या आणि स्वतःच्या फोनमधून 'वरचा मजला' काढून टाकलं. जुना डबा तसाच ठेवला, जागा. त्याला आता कोणी ऐकणार नव्हतं, पण दिवा आईसाठी होता, फोनसाठी नव्हता.

आई केस विंचरत होती. थोरलीने तिला सांगितलं की आज आधी मी फोन लावते.

"तू? आज काय विशेष?" आई म्हणाली, आणि कंगवा हातात धरून तिच्याकडे पाहत राहिली, कारण थोरली फोन घेऊन बाबांच्या खोलीत चालली होती.

ती खुर्चीत बसली. मफलर पाठीला टोचला, तिने तो हलवला नाही. पडद्यावर धाकटी आली, ओल्या चेहऱ्याची, मागे अनोळखी भिंत. ती काही म्हणायच्या आत तिने ताईच्या मागे पाहिलं आणि खिडकी ओळखली. दोघी चित्र थिजायची वाट पाहत होत्या. ते थिजलं नाही.

"सांग," धाकटी म्हणाली.

थोरलीकडे त्या गोष्टीचा शेवट होता, ते दोन बल्ब. ते इतक्या सहज देऊन टाकायचं तिच्या मनात येईना.

"बाबा परत आले," ती म्हणाली. "पण आधी तू सांग. गेले कशावरून होते?"

धाकटी ओठ मुडपून हसली. तिलाही ते सोडवत नव्हतं, हे थोरलीला स्पष्ट दिसलं. मग धाकटीने मांडी घालून बैठक मारली.

"आई म्हणाली होती," तिने सुरुवात केली, "की तुमच्या या घरात मेला उजेडच पडत नाही."

दाराशी आई उभी होती. ती आत येऊन पलंगाच्या उघड्या गादीवर बसली आणि म्हणाली, "'मेला' नव्हतं म्हटलं मी. नीट सांग."