दही-साखरेचा अर्धा वाटा

पितांबरचा हर्निया आता घरातला माणूसच झाला होता. तो रुसला की पितांबर केळीच्या बागेत दुमडून बसायचा आणि त्याच्या बायकोच्या, धनुबाईच्या काळजात पाखरू फडफडायचं. दोनदा ऑपरेशनची तारीख मिळाली. एकदा केळीची कापणी आडवी आली, एकदा ग्रहण. बाहेरगावचा सर्जन शहाद्याला मंगळवारीच येई. हा मंगळवार हुकला की ऊसतोड सुरू, मग पितांबर कुणाच्या हाती लागायचा नाही.

सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घर. म्हणून दवाखान्यानं मुलाच्या, हेमराजच्या मोबाईलवर व्हिडिओचे छोटे छोटे पाठ पाठवले होते. चहाला उकळी येईतो एक पाठ संपे. स्वप्नाली सिस्टर त्यात गोड बोलायची: पोट रिकामं ठेवा, कुशीवर वळून उठा, हसताना-खोकताना उशी पोटाशी धरा. धनुबाई भाकरी थापता थापता पडद्यावरच्या सिस्टरला “हा माय, हा” असा हुंकार द्यायची आणि मग गुणगुणायची:

उपाशी गं धाडते मी, माझ्या कुंकवाचा धनी
सांजेला तू परत दे, शहाद्याच्या गं बहिणी

“आहो, जरा देखा ना!”

“माले काय शाळामा जानं शे का?” म्हणत पितांबर भिंतीकडे तोंड करून पडायचा.

मंगळवारी हेमराजनं गाडी अंगणात लावली आणि तेवढ्यात कळसाडीहून पहिल्या बसनं तापीबाई येऊन पोचली. पितांबरची थोरली बहीण. कमरेला पिशवी, पिशवीत फडक्यानं बांधलेली वाटी. परीक्षा असो, लग्न असो, हिच्या हातची दही-साखर घेतल्याशिवाय पितांबरनं कधी उंबरा ओलांडला नव्हता.

“धर भाऊ, हात पुढे कर.”

“बाई, त्यांना काही खायचं नाही!” धनुबाई धावली.

“खायचं कुठे गं? चाटायचं शे. शकुन कधी पोटात जातो का?”

खरं तर पितांबरला दही आवडत नसे. वास आला तरी नाक मुरडायचा. आज मात्र त्याचा तळहात सगळ्यांच्या आधी पुढे आला होता.

“बहिणीचं मन मोडू नये,” तो साळसूदपणे म्हणाला. “फार तर काय, खाल्ल्यावर सहा तास थांबावं लागेल. तोवर डॉक्टर निघी जाई. बस.”

धनुबाई थबकली. सहा तासांची गोष्ट फक्त सिस्टरच्या पाठात होती.

“भिंतीकडे तोंड करून सगळे पाठ ऐकलेत तर!”

पितांबर आभाळाकडे बघू लागला. तापीबाईचा चमचा खाली येत होता. थोरल्या नणंदेचा हात अडवणं म्हणजे वर्षभराचा अबोला. धनुबाईनं हात अडवला नाही. आपला तळहात अलगद नवऱ्याच्या तळहातावर ठेवला, दही झेललं आणि चाटून टाकलं.



“हाई काय कयं?” तापीबाई लालबुंद झाली.

“बाई, लग्नात आमची गाठ कुणी बांधली?”

“मीच बांधी.”

“मग अर्धं अंग मन्हं शे ना? त्यांचं अर्धं उपाशी, मन्हं अर्धं शकुनाचं.”

तापीबाईनं वाटी धनुबाईकडे वळवली. मग दुसरा चमचा भरला. “मंग नीट खाय. साखर तळाशी राहिनी.”

पितांबरचा चेहरा पडला.

दवाखान्यात स्वप्नाली सिस्टरनं विचारलं, “काका, काही खाल्लंत?”

“मी नही. मन्ही बायकोनी खादं.”

दिवेलागणीला गाडी परत आली. तापीबाई दारात मोबाईल घेऊन बसली आणि बघायला आलेल्या गावाला घरी आल्यानंतरचा पाठ दाखवून परस्पर वाटेला लावू लागली. आत पितांबर हळूच म्हणाला, “धनू, पाठमा समदं व्हतं. कसं उठानं, कसं बसानं. पण मी उठनूच नही तर तू काय करशी, तो पाठ त्या सिस्टर पोरनी दिन्हाच नही.”

धनुबाईनं त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र रोजचाच होता.

“तो पाठ मला येतो. लग्न झाल्यापासून रोज सकाळले तुम्हले कोण उठाडस? कोंबडा?”

पितांबरला हसू फुटलं.

“उशी!” दारातून तापीबाई ओरडली. “आधी उशी धर, मंग हास!”