कडी बाहेरून

तळहातावर एक स्क्रू उरला होता. बारीक, पितळी... कडीला भोकं चार, चारही भरलेली, मग हा पाचवा आला कुठून — अशा विचारात शिंपीकाका नळ बघायला बाथरूममध्ये शिरले, वाऱ्यानं दार धाडकन आपटलं, आणि धक्क्यासरशी कडी आपसूक पडली. खट्.

बाहेरून!

सुताराला कशाला बोलवा, म्हणून सकाळी त्यांनी स्वतःच बसवलेली कडी. चाळीस वर्षं कापड उलट्या बाजूनं शिवत आलेले हात ते. त्यांनी दारही उलट्या बाजूनं शिवून टाकलं होतं.

आयुष्यात पहिल्यांदा भाड्यानं द्यायला घेतलेली खोली, आणि तिच्यात पहिला अडकला तो खुद्द मालक! आधी बघायला आलेले तिघे नाक मुरडून गेलेले. “आजची ती नर्स नाही म्हणाली, तर विकून मोकळे व्हा,” बायकोनं सकाळीच बजावलं होतं, “साधा उधारीवाला दारातून हलवता येत नाही, निघाले घरमालक व्हायला...”

उघड्या ठेवलेल्या पुढच्या दारातून पावलं आत आली. एक चटपटीत, एक घासत.

“काका? आहात का?”

काकांनी तोंड उघडलं — आणि मिटलं. बाथरूममधून ‘ओ’ देणाऱ्या मालकाची खोली कोण घेईल?

“ये आई. इथे तुझी कॉट.”

“आणि खुर्ची?”

“खिडकीपाशी. रस्ता दिसेल.”

“रस्ता बघून काय करू? कोण यायचंय माझ्याकडे?”

“मी येईन की ड्यूटीवरून. लांबूनच दिसेन तुला.”

काकांनी दाराला कान लावला. ती खिडकी त्यांनी टेपनं चारदा मोजली होती — लांबी, उंची, पडद्याचं कापड. पण तिच्यात कुणीतरी वाट बघत बसेल आणि खालून कुणीतरी मान वर करेल... हे टेपवर कुठे होतं? टेबलावर नुसते तुकडे असतात, मग गिऱ्हाईक बाहीत हात घालतं आणि अचानक त्याचा सदरा होतो — तसं काहीतरी दारापलीकडे चाललं होतं, आणि ते आपल्या खोलीत, आपल्याला न विचारता... अंगावर काटाच आला त्यांच्या.

“कुठे गेले हे काका? बाथरूम बघून घेऊ गं आई.”

पावलं जवळ आली. ती हो म्हणेल की नाही, हे मघापासून त्यांच्या डोक्यातच नव्हतं. मुठीतला स्क्रू गरम झाला होता. थांबा ना थोडं, त्यांना वाटलं, कपाट कुठे ठेवणार ते राहिलंच की...