सांजेला उतरवलेलं वजन

“पुन्हा मोज बरं, काळुराम.”

काळुरामने वालाच्या तिसऱ्या रोपाला दोरा लावला, नखाने खूण धरली आणि दुसऱ्या रोपाच्या दोऱ्याशेजारी ठेवला. दोन्ही सारखे. परशुरामपंत डोळे बारीक करून पाहत होते, पण त्यांना आता दोराही धड दिसत नव्हता. उद्या मुलगा त्यांना पुण्याला नेणार होता. ठाण्याच्या या परसातला दोन वर्षांचा खटाटोप आज संपणार होता.

पहिल्या रोपाला नुसतं पाणी. दुसऱ्याच्या दांड्याची साल बारीक वाळूने चोळून त्यावर लिंबाच्या पाण्याचा बोळा. तिसऱ्यालाही तोच बोळा, शिवाय शेंड्याला बांधलेला दोरा चाकीवरून पलीकडे सोडून टोकाला लहानसं वजन. आंबटाने कोवळा दांडा सैल पडतो आणि ओढ मिळाली की झपाट्याने लांबतो, हे पंतांचं म्हणणं त्यांच्या शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबाने हसण्यावारी नेलं होतं. दुसरं रोप पहिल्यापेक्षा बोटभर उंच झालं होतं. तिसरं मात्र दुसऱ्याच्या पुढे जाईना.

“ओढीचं माझं चुकलंच म्हणायचं,” पंत पायरीवर टेकले. “दोन वर्षं फुकट.”

काळुरामने हातातला दोरा खाली ठेवला. कोलशेतच्या मिठागरात चाळीस वर्षं पाट्या वाहून त्याची मान खांद्यांत रुतली होती. हे हलकं काम पंतांनीच दिलं होतं.

“तुमचा नाय चुकला, मास्तर. सांज झाली का मीच वजन काढायचो. सकाली तुमी उठायच्या आत परत लावायचो.”

“का रे बाबा?”

“दिसभर वढलेला कोवला दांडा. रातचा तरी इसावा घेव दे, असा वाटला.”

पंत रागावले नाहीत. रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. चाचपडत त्यांनी हात काळुरामच्या मानेवर ठेवला.

“अरे, त्याला वरून ओढ होती. त्याने वाढायचं असतं. डोक्यावरचं ओझं निराळं, ते दाबतं.”

जाताना काळुरामने चाकीवरचा दोरा नीट केला. वजन तसंच राहू दिलं. उद्या मोजणारं कोणी नव्हतं.

कोलशेतच्या बांधावर त्याची बायको ठमाबाई मिठाची पाटी घेऊन येताना भेटली. त्याने हात पुढे केले.

“आज काय जाला तुला? आला ना घर,” ती म्हणाली.

“आन इकरं.”

त्याने तिच्या डोक्यावरची पाटी उतरवली, आणि आपल्या डोक्यावर न घेता छातीशी धरून चालू लागला. ठमाबाई मान चोळत मागून येत राहिली.