पंधरा गोळ्या जास्त

"पंधरा जास्त आहेत," मी म्हटलं आणि पुन्हा मोजल्या. ट्रेमध्ये पाच-पाचच्या ढिगल्या केल्या, तरी पंधराच. "अगं बाई, तुझ्या बाटलीत कधी एक गोळी उरली नाही आणि आज एकदम पंधरा?"

काजवाली खिडकीचा गज धरून उभी होती. कपड्यांच्या कारखान्यात ती बटणांची काजं करते, म्हणून माझ्या तोंडी तिचं नाव काजवाली. रांगेतले लोक मला मोजणीबाई म्हणतात. पाठीमागे आणखीही काही म्हणत असतील. एचआयव्हीच्या औषधांच्या ह्या खिडकीत मी एकोणीस वर्षं बसतेय. महिन्याला तीस गोळ्यांची बाटली द्यायची, पुढच्या महिन्यात ती परत मागायची आणि किती उरल्या ते मोजून लिहायचं. उरल्या म्हणजे गोळ्या चुकल्या, आणि चुकल्या की माझं तोंड सुरू होतं.

काजवालीला मात्र मी कधी बोलले नव्हते. नऊ वर्षं तिची मोजणी चोख. दुसऱ्यांना झापताना मी तिच्याकडे बोट दाखवायची, "ती बघा, शिका काहीतरी!" तिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचा आकडा, दरवर्षी इतका कमी यायचा की मशीनला सापडायचाच नाही. आणि गेल्या महिन्यात रिपोर्ट आला तो अकरा हजारांचा. डॉक्टर म्हणाले, गोळी बाटलीतून जातेय, पण पोटात जात नाहीये. मी तिला आतल्या खोलीत बसवलं आणि धारेवर धरलं. स्वतःची नखं बघत ती मग म्हणाली, "एक दिवस माझी, एक दिवस ह्यांची."

नवरा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. आठ महिन्यांपूर्वी त्यानं कुठल्याशा खासगी लॅबमध्ये खोटं नाव सांगून तपासणी करून घेतली होती, त्यालाही एचआयव्ही निघाला होता. इथं यायला मात्र तयार नव्हता. एका जरी आईबापानं रांगेत पाहिलं, तर उद्यापासून त्याच्या गाडीत मूल कोण बसवणार? म्हणून हिनं आपल्यातलं अर्धं त्याला दिलं. अर्ध्या औषधानं दोघांपैकी कुणाचंच भलं होत नाही. विषाणू त्या गोळीला सरावतो आणि मग ती गोळी काही कामाची राहत नाही. हे सगळं मी तिला नाही नाही त्या शब्दांत ऐकवलं होतं. "सगळ्या तू खा आणि त्यांना घेऊन ये," असं बजावून घरी पाठवलं होतं. आणि आता ह्या पंधरा.

"आता तू पण खात नाहीस का?" माझा आवाज चढला. "मरायचंय का तुला?"

"माझ्या खाल्ल्या मी. ह्या ह्यांच्या आहेत."

"म्हणजे?"

"तुम्ही म्हणालात ते सांगितलं मी घरी. तेव्हापासून ह्यांनी हात नाही लावला. म्हणतात, माझ्यापायी तुझं बिघडतंय. मी आपली दिवसाआड वाटीत काढून ठेवते, शेजारी पाणी ठेवते. सकाळी तशीच असते. त्यांच्या वाट्याची माझ्या घशाखाली कशी उतरेल, ताई?"

राग कुठल्या कुठे गेला आणि नुसतं थकल्यासारखं झालं. तिची चोख मोजणी नऊ वर्षं मी मिरवली होती. घरात कसं चाललंय, हे एकदाही विचारलं नव्हतं. स्वतःची लाज वाटली मला.

"कुठे आहेत ते?"

"मागच्या गल्लीत. गाडीत बसलेत."

खिडकीच्या वेळेत मी कधी उठत नाही. त्या दिवशी उठले. रांगेतून ओरडा झाला, "अहो, आमचं काय?" "पाच मिनिटं दम धरा, मोजणीबाई काही पळून जात नाही," म्हटलं आणि मागच्या दारानं बाहेर पडले.

व्हॅन भिंतीला अगदी चिकटून लावलेली होती. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. गालफडं बसलेली, शर्ट अंगात लोंबत होता.

"तुम्ही गोळ्यांच्या ताई ना?" तो म्हणाला. "साडेबाराला शाळा सुटते. मला निघायचंय."

"निघा. पण आधी ऐका. तुम्ही गोळी सोडलीत आणि ती अजून दिवसाआडच खातेय."

"मला वाटलं, मी थांबलो की तिचा आकडा उतरेल."

"ती तुमच्या पंधरा परत घेऊन आलीये, तुमच्या म्हणून. तुम्हा दोघांपुढे मी हात टेकले बाबा!"

त्यानं आरशातून गल्लीत मागे पाहिलं. "कुणी पाहिलं तर?"

"ज्यानं पाहिलं तो तिथं हवा खायला आला असेल का? तोही रांगेतच असणार की!"

तो हसला नाही, पण दुपारी मुलांना घरोघरी सोडून आला. टोपी डोळ्यांवर ओढलेली. नाव इतक्या हळू सांगितलं की मला तीनदा विचारावं लागलं. त्याच्या तपासण्या झाल्या आणि त्याच्या नावाची बाटली निघाली, हिच्यासारख्याच गोळ्यांची.

पुढचे तीन महिने दोघांची मोजणी चोख. मग काजवालीचं रक्त पुन्हा तपासायला पाठवलं. लोड आला तेवीस हजार. जुनी गोळी तिच्यापुरती निकामी झाली होती. डॉक्टरांनी दुसऱ्या लिहून दिल्या, मोठ्या, सकाळ-संध्याकाळच्या.

त्या दिवशी दोघं एकदमच आले. त्याची बाटली मी आधी दिली. तो सही करत होता तेवढ्यात काजवाली गजाला टेकून कुजबुजली, "ताई, माझ्या नव्या गोळ्या जुन्या बाटलीत भरून द्याल का? ह्यांना कळलं तर जिवाला लावून घेतील."

"वेडी आहेस का? घरात आता दोघांची औषधं. अदलाबदल झाली म्हणजे?"

"मी माझ्या हातानं देते त्यांना. नाही चुकायची."

मी मानेनंच नाही म्हटलं आणि नवी बाटली तशीच पुढे सरकवली. ती चांगली दुप्पट मोठी होती. तो पेन ठेवून वळला.

"हे काय? गोळ्या बदलल्या?" त्यानं मला विचारलं. "तिचा आकडा उतरला ना, ताई?"

काजवाली माझ्याकडे बघत होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "अहो, नवीन आल्यात ह्या. आता सगळ्यांनाच ह्याच देतायत."

"हो ना, ताई?"

"हो," मी म्हटलं. "सगळ्यांनाच."

त्यानं हातातली आपली बाटली पाहिली. तीच जुनी, लहान. मग त्यानं ती खिशात घातली, खिडकीतली मोठी बाटली उचलून तिच्या पिशवीत नीट ठेवली, आणि पिशवी आपल्याच हातात धरली.