आघाड्याचं आवतन

"ओ भाऊ! मोगऱ्याच्या डोक्यावरून कुठं चाललात? वाट तिकून हाय, वाट!"

भाऊ थांबला नाही. कानात वायर, हातात डबा, शिफ्टची घाई. अंगणाचा कोपरा तिरपा तुडवून तो पलीकडच्या रस्त्याला लागलासुद्धा. जाताना त्याच्या पँटीला आघाड्याची कुसं चिकटली, तेवढाच काय तो दैवशालाचा सूड.

जालन्याच्या एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं घर कॉलनीच्या कोपऱ्याला. कुंपण नाही, फाटक नाही. बाकी सगळ्यांनी घरापुढं रंगीत ब्लॉक टाकून घेतले होते. उघडी माती राहिली होती ती हिच्या दारातच. चार खाटा टाकल्या तर भरून जाईल एवढी जागा, पण धावडा गाव सोडून लेकाच्या मागं शहरात आल्यापासून दैवशालाचं शेत म्हणा, शिवार म्हणा, तेवढंच. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, तुळस तिनं लावलेली. आघाडा न लावता आलेला. तोही तिनं राहू दिला. महालक्ष्म्यांच्या पत्रीला लागतो म्हणून, आणि आपणहून दारी आलेल्याला हाकलायचं कसं म्हणून.

हाकलायची ती फक्त माणसांना. पहाटे फिरायला निघालेल्या बाया कॅरीबॅग भरून जास्वंद न्यायच्या, आणि हटकलं की म्हणायच्या, "देवालाच चाललंय मावशी, आमच्या घरी का खायचंय?" दुपारी शेळ्या यायच्या. शिफ्ट सुटली की रोलिंग मिलची माणसं. बूड टेकून बसणं दैवशालाला ठाऊक राहिलं नव्हतं. भाकरी थापताना एक डोळा तव्यावर, एक खिडकीवर. जीव सारखा उंबऱ्याच्या आत-बाहेर.

त्यात सून प्रियदर्शनी नवव्या महिन्यात. मागच्या खेपेला पाचव्यातच सगळं संपलं होतं. या खेपेला डॉक्टरांनी प्रवासच बंद केला, म्हणून माहेरी परभणीलाही पाठवलं नव्हतं.

"आई, बाळ घरात यायच्या आत ब्लॉक टाकून घेऊ अन् गेट बसवू," कल्याण म्हणायचा. तो बियाण्याच्या कंपनीत सुपरवायझर. "माणसं, शेळ्या, इच्चूकाटा. तुझं बी वरडणं बंद."

"बियाण्यावर पोट भरतंस, अन् माती झाकून टाक म्हणतंस?"

"बरं बाई. तू हो म्हणल्याबिगर टाकत न्हाई. पण इचार कर."

ती विचार करत नव्हती. नुसती दिवस ढकलत होती.

दिवाळी होऊन गेली होती. एका संध्याकाळी ती पाणी घालायला वाकली आणि तिचा हात तांब्यासकट थांबला. आघाड्याच्या एका रोपाच्या बुडाशी तांदूळ पडले होते. हळदीनं पिवळे केलेले, चिमूटभर, नीट मांडल्यासारखे.

शेजारची नंदाबाई ब्लॉक धुवत होती. ती पाइप तसाच टाकून आली.

"अगं माय! हात नको लावू दैवशालाबाई. करणी हाय ही. घरात भरल्या पोटाची सून, अन् दारात पिवळे तांदूळ?"

"मी कुणाचं वाकडं केलंय गं?"

"दिवसभर रस्त्याच्या माणसांवर वरडती तू. कुणाचा तळतळाट घेतला, काय सांगावं?" नंदाबाईनं आवाज खाली आणला. "त्यापरीस घे बाई ब्लॉक टाकून. मातीत गाडता येतं. ब्लॉकमधी कोण काय गाडणार?"

दैवशालानं घरात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कल्याणला निमित्तच मिळालं असतं. पण रात्रभर ती सुनेच्या खोलीच्या दाराशी अंथरूण टाकून कूस बदलत राहिली. फटफटलं तशी खराटा उचलून ती बाहेर आली.

अंगणात माणूस होता.

रापलेला, दणकट, दंडावर भट्टीच्या ठिणग्यांचे डाग. उकिडवा बसून तो आघाड्याचं बूड उकरत होता.

"कोण रं तू? काय गाडून राह्यला माझ्या दारात?"

तो उठून उभा राहिला. बोलला नाही.

"काल तांदूळ तूच टाकलेस न्हाई का? बोल! मुका हाय का?"

हूं नाही, चूं नाही. मानसुद्धा हलली नाही. दैवशालाच्या हातातला खराटा तिच्याही नकळत त्याच्या पाठीवर बसला. एकदा, दोनदा. माणूस ओठ घट्ट मिटून उभा. डोळ्यांत तेवढं पाणी आलं.

त्या गलक्यानं कल्याण बनियनवरच धावत आला. त्यानं थेट गचांडी धरली. "कोणाचा रे तू? बायामाणसांच्या घरात घुसतो? बोल, न्हाईतर पोलिसात देतो!"

आणि तेवढ्यात समोरच्या घरांमधून ऊन आलं.

कल्याणनं गचांडी धरलेली असतानाही तो माणूस पाय सरकवून बाजूला झाला. पळायला नव्हे. त्याची सावली आघाड्यावर पडत होती, ती त्यानं काढून घेतली. दैवशालानं पाहिलं, आणि मग सगळंच पाहिलं. चपला त्यानं पार रस्त्यावर काढल्या होत्या. अख्खा दिवस लोखंडात काढणारा गडी, पण उकरायला हातात लाकडी खुंटी. दुसऱ्या मुठीत मूळ.

तिच्या मनात धावड्याची एक सकाळ उभी राहिली. तिची सासू गोजरबाई बांधावरून येत होती. पायांत वहाण नाही, मूठ मिटलेली, ओठ मिटलेले. शेजारीण हाका मारतेय, आणि सासू वळून बघत नाही. आत दैवशाला अडलेली. ते मूळ सासूनं तिच्या केसांत बांधलं होतं, आणि कल्याण झाल्याबरोबर सोडलं होतं. नंतर सासूनंच दैवशालाला सांगितलं होतं: आदल्या सांजेला झाडाला हळदीच्या तांदळाचं आवतन द्यायचं. सकाळी मूळ घ्यायचं. लोखंड लावायचं नाही, सावली पाडायची नाही. घेतल्यापासून केसांत बांधेपर्यंत ना शब्द, ना मान, ना मागं वळून बघणं. बोललं की मूळ नुसतं मूळ राहतं.

करणी कसली. आवतन होतं ते. आणि धावड्याच्या बाईला ते ओळखू आलं नव्हतं.

कल्याणनं हात उगारला होता.

"सोड त्याला!" दैवशाला ओरडली. "मीच बोलावलंय त्याला. गवत काढायला."

"मंग खराट्यानं कशाला मारून राह्यली होतीस?"

"उशिरा आला म्हणून! जा रे बाबा, जा जल्दी."

माणसानं एकदा तिच्याकडे बघितलं. मग मूठ छातीशी धरून, चपला दुसऱ्या हातात घेऊन तो निघाला. वळून बघितलं नाही.

"कामाला माणूस बोलावती अन् झोडपती," कल्याण म्हणाला. "आई, तुझं डोकं ठिकाणावर न्हाई या मातीपायी. मी ब्लॉक टाकायला गुत्तेदाराला सांगतो."

दैवशालाचं तिकडं लक्ष नव्हतं. तिचा जीव त्या मुठीमागं गेला होता. कुणाची बाई, कुठल्या दवाखान्यात? पोचला असेल का? रस्त्यात कुणी हटकलं तर?

चार-आठ दिवसांनी तो पुन्हा आला. या वेळी अंगणाच्या कडेला उभा राहिला आणि खाकरला.

"मावशी, बोलता येतं मला."

दैवशाला हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. "लागलं का रे पाठीला?"

"मिलमधी याच्यापरीस जास्त लागतं. वसंता माझं नाव." त्यानं कागदाच्या पुडीतला पेढा पुढं केला. "पोरगं झालं. डाक्टरीन तिचं काम करून राह्यली होती, मी न्हाई म्हणत न्हाई. पण माय माझी हटून बसली. म्हणे, आघाडा आणच. तीन वस्त्या फिरलो मावशी. जिकडं तिकडं ब्लॉक. माती कुठं दिसंनाच. तुमच्या दारातून रोज जातो, पँटीला कुसं लागतात. तवा ध्यानात आलं."

"मंग तुडवून जाणाऱ्यांतला एक तूच म्हण की."

वसंतानं मान खाली घातली. मग खिशातून सुकलेलं मूळ काढलं. "हे परत करायला आल्तो. जिथून घेतलं तिथंच दे म्हणली माय."

"तूच लाव," दैवशाला म्हणाली.

त्यानं चपला काढल्या, मूळ जागच्या जागी मातीत ठेवलं आणि तळव्यानं माती दाबली. त्या दिवसापासून तो कोपऱ्याला वळसा घालून जायला लागला. बाकीचे तसेच तिरपे जात. पण का कोण जाणे, दैवशालाचं ओरडणं कमी झालं. ती नुसती खिडकीतून बघायची: यातला कोण कशासाठी?

प्रियदर्शनीचे पाय सुजले. गुत्तेदार ब्लॉकची थप्पी रस्त्याच्या कडेला आणून टाकून गेला. "मोकळा हाय तवाच येईल तो," कल्याण म्हणाला, "तुझा शब्द काय तो सांग." दैवशाला आज सांगते, उद्या सांगते करत राहिली. तिच्या मनात एक पट्टी होती. भिंतीच्या कडेनं हातभर माती सोडायची. तेवढ्यात तुळस राहील, मोगरा राहील, आघाडाही राहील. तेवढंच मागायचं होतं. पण मागायचं म्हणजे उरलेलं देऊन टाकायचं. म्हणून तोंड उघडत नव्हतं.

एका संध्याकाळी प्रियदर्शनीची कंबर दुखायला लागली. दैवशालानं वाटीत हळदीचे तांदूळ घेतले आणि ती उरलेल्या आघाड्यापुढं बसली. सासू म्हणायची ते शब्द आपोआप ओठांवर आले.

"आघाड्या रं भाऊराया, तुला तांदळाचं बोलावणं
उद्या उजाडता येते, माझ्या लेकीच्या कारणं."

रात्री दवाखान्यात नेलं. वेळ आहे अजून, सकाळी या, म्हणून नर्सनं दैवशालाला घरी पाठवलं, कल्याण थांबला. उजाडता उजाडता ती अनवाणी अंगणात उतरली. लाकडी उलथन्याच्या टोकानं माती सैल केली, सावली मागं ठेवली. मूळ हातात आलं, ओलं, मातीचा वास घेऊन. तिनं मूठ मिटली आणि ओठ मिटले.

ती उठली तर दारात रिक्षा, आणि रिक्षामागं गुत्तेदाराचा टेम्पो. कल्याण रिक्षातून उतरला.

"आई, चल जल्दी. कळा वाढल्या. तिची आई पोचलीय परभणीहून, पण प्रियदर्शनी तुलाच बोलावून राह्यली." मग त्याची नजर टेम्पोकडं गेली. माणसं फावडी घेऊन उतरत होती. "हे बी आजच उगवले! आई, आता एकच सांग. सगळं टाकायचं, का थोडी माती सोडायची तुझ्यापुरती? न्हाई म्हणलीस तर परत पाठवतो. तुझा शब्द."

दैवशालानं मूठ पदराखाली घेतली.

हातभर. भिंतीच्या कडेनं. एवढेच शब्द जिभेवर येऊन बसले होते.

"मावशी, तुळस ठेवायची का?" गुत्तेदारानं विचारलं.

"आई, बोल की. नुसती मान हलव."

तिनं त्याच्याकडं बघितलं. याच तोंडाचं बाळ एकदा तिच्या पोटात अडलं होतं, आणि एक बाई मिटल्या ओठांनी बांधावरून चालत आली होती. दैवशाला रिक्षात जाऊन बसली. मान ताठ, डोळे समोर.

"रागावली," कल्याण गुत्तेदाराला म्हणाला. "पण न्हाई तर म्हणली न्हाई. टाका मंग सगळं. बाळ यायच्या आत होऊन जाऊ द्या."

रिक्षा सुरू झाली. मागं पहिलं फावडं मातीत शिरल्याचा आवाज तिला आला. कुठल्या कोपऱ्यातून, तेही आवाजावरून कळलं. मोगऱ्याकडून. तिनं वळून बघितलं नाही.

"आई, माझ्यावर चिडू नको गं आज," कल्याण रस्ताभर म्हणत होता. "आज तरी बोल." ती समोर बघत होती. मुठीतून मातीचे कण मांडीवर पडत होते, ते ती दुसऱ्या हातानं पदरात गोळा करत होती.

दवाखान्यात वेणी घालायच्या मिषानं तिनं मूळ सुनेच्या केसांत गुंफलं, गाठ मारली. मग तोंड उघडलं. "सरळ बस, माय. आता समदं सरळ."

दुपारी नात झाली. मोठ्यानं, कॉलनीभर ऐकू जाईल अशी रडली. दैवशालानं आधी मूळ सोडलं, मग नातीचं तोंड बघितलं.

संध्याकाळी ती रिक्षानं एकटी घरी आली. मुळाला प्रियदर्शनीचे दोन केस गुंडाळलेले होते. जिथून घेतलं तिथंच द्यायचं होतं.

अंगण सपाट, लाल आणि करडं. तुळस रंगाच्या रिकाम्या बादलीत उभी होती. बाकी मोगऱ्याचा पत्ता नव्हता, कढीपत्त्याचा नव्हता. नंदाबाई पलीकडून म्हणाली, "बघ, कसं आरशासारखं झालं! आता कुणी यायचं न्हाई तुझ्या दारात."

दैवशालाच्या पायात सकाळपासून वहाण नव्हतीच. आघाडा कुठं होता ते तिनं भिंतीपासून पावलांनी अंदाज घेऊन शोधलं. मग खाली बसली, अंबाड्यातला आकडा काढला आणि दोन ब्लॉकमधल्या फटीतली रेती उकरायला लागली. मग आकडा लोखंडाचा आहे हे तिच्या ध्यानात आलं. तो बाजूला ठेवून ती नखांनी उकरू लागली. पदराच्या गाठीतली सकाळची माती तिनं शेजारी सोडून ठेवली.

शिफ्ट सुटली होती. डबे वाजवत माणसं नव्या ब्लॉकवरून तिरपी निघाली होती. त्यांच्यातून एकजण वेगळा झाला आणि कडेला थांबला. त्याची सावली लांबून येऊन तिच्या हातांवर पडली.

दैवशालानं वर बघितलं. वसंता होता. त्यानं तिच्या हातातलं मूळ पाहिलं, फट पाहिली.

तो फक्त एक पाऊल बाजूला सरकला.